मिरवणुकीतला बेंजो आणि समुद्रकाठची गिटार

अनंत चतुर्दशीला नाशिकची विसर्जन मिरवणूक जुन्या गावातल्या वाकडी बारवेपासून निघते आणि मेन रोड, रविवार कारंजा असे करत गोदाकाठी पोचते. मान अर्थातच नाशिक ढोलाचा. पण वरातीत, हळदीला आणि गल्लीतल्या लहान मिरवणुकांत आणखी एक वाद्य हमखास ऐकू येते, ते म्हणजे बेंजो. पुढे लाकडी पेटी, तिच्यावर टाइपरायटरसारखी बटणे, डाव्या हाताची बोटे बटणांवर आणि उजव्या हातातली नखी तारांवर. आवाज धारदार, चमकता आणि किंचित ओला.

याच वाद्यावरून आमच्या दहावीच्या वर्गातल्या एका मुलाने विचारले, "सर, बेंजोच्या तारेत करंट असतो का?"

आम्ही सवयीने म्हणालो, "नाही." तो म्हणाला, "मग माझ्या भावाला झटका कसा बसला? मंडळाच्या खोलीत सराव चालला होता. एक हात तारांवर होता, दुसऱ्या हाताने त्याने माइक सरकवला आणि तो फेकलाच गेला."

आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. ते शोधताना आम्ही बेंजोवरून इलेक्ट्रिक गिटारकडे आणि तिथून १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठी जन्मलेल्या 'सर्फ' संगीताकडे गेलो. लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या तरुणांचे हे संगीत. त्याच्यासाठी वादकांनी कोणत्या गिटारी निवडल्या आणि त्याच का, हे पाहू लागलो, तर पाठ्यपुस्तकातले ध्वनी आणि विद्युतचुंबकत्व हे दोन्ही धडे एकाच वाद्यात भेटले. मुलाच्या प्रश्नाचे उत्तरही तिथेच सापडले.

आपला बेंजो मूळचा कुठला?

अमेरिकेतला बॅन्जो वेगळा. त्याला कातडे ताणलेले गोल अंग आणि लांब मान असते. आपला बेंजो जपानचा आहे. नागोया शहरातल्या मोरिता गोरो यांनी १९१२ साली तारांची पेटी आणि टाइपरायटरची बटणे यांची सांगड घातली. त्याच वर्षी जपानमध्ये ताइशो राजवट सुरू झाली, म्हणून वाद्याला 'ताइशोगोतो' नाव मिळाले. भारतात आल्यावर त्याचे बुलबुल तरंग झाले आणि महाराष्ट्राच्या रस्त्यावर बेंजो. बटण दाबले की तार खालच्या पट्टीवर टेकते, तिची कंप पावणारी लांबी कमी होते आणि स्वर चढतो.

घरात वाजवायला ही पेटी पुरेशी होती, पण ढोल-ताशांपुढे तिचा आवाज कुणाला ऐकू जाणार? तेव्हा तिच्या तारांखाली गिटारचा 'पिकअप' बसला. गिटारवरही हीच वेळ आधी आली होती. वाद्यवृंदात तिचा आवाज बुडून जाई. १९३१ साली अमेरिकेत जॉर्ज बोशाम्प यांनी तारेच्या कंपनाचे विजेत रूपांतर करणारी गिटार तयार केली. पुढच्या वर्षी ती विक्रीला आली. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. पुढे मुंबईत व्हॅन शिप्ली यांनी सिनेमाची गाणी ज्या गिटारवर घराघरांत पोचवली, ती याच घराण्यातली.

एकलहऱ्याचे जनित्र आणि गिटारची तार

पिकअप म्हणजे काय? काही लहान चुंबक आणि त्यांच्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे, एवढेच. वेढे मात्र हजारोंनी असतात. फेंडर कंपनीच्या प्रसिद्ध पिकअपमध्ये साधारण आठ हजार वेढे आहेत आणि तार आपल्या केसाहूनही किंचित बारीक.

१८३१ साली मायकेल फॅरडे यांनी दाखवले, की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात विद्युतधारा प्रवर्तित होते. नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक केंद्रात नेमके हेच घडते. तिथे वेटोळी स्थिर असतात आणि विद्युतचुंबक मिनिटाला ३००० वेळा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा फिरतो. म्हणून आपल्या घरातल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ.

गिटारमध्ये तर चुंबकही स्थिर आणि वेटोळेही स्थिर. मग बदलते काय? इथे तार कामाला येते. ती पोलादाची असते. खालच्या चुंबकामुळे तिचा तेवढा भाग स्वतः हलका चुंबक बनतो. तार छेडली की तो जवळ-लांब होऊ लागतो, वेटोळ्यातले क्षेत्र त्याच तालात कमी-जास्त होते आणि वेटोळ्यात तितक्याच वारंवारतेचा विद्युतदाब निर्माण होतो. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो, तेव्हा विद्युतदाबही सेकंदाला ८२ वेळा वर-खाली होतो. हा दाब फार लहान, साधारण व्होल्टच्या दहाव्या भागाच्या आसपास. अ‍ॅम्प्लिफायर तो मोठा करतो आणि लाउडस्पीकर त्याचा पुन्हा ध्वनी करतो.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही, तो तारेची हालचाल पाहतो. वर्गात सतारीच्या सुट्या तारा आणून त्यांना चुंबक लावून पाहा. पोलादी तार चिकटते, पितळेची चिकटत नाही. पितळेची किंवा नायलॉनची तार पिकअपवर कितीही जोरात छेडा, स्पीकर गप्पच राहील.

मग पोकळ तुंब्याची गरजही उरत नाही. उलट पोकळ पेटी अडचणच करते. स्पीकरच्या आवाजाने ती थरथरते, तारा हलवते, तो आवाज पुन्हा स्पीकरमधून येतो आणि शेवटी कर्कश शिटी वाजू लागते. म्हणून इलेक्ट्रिक गिटारचे अंग भरीव लाकडाचे करतात.

पिकअप नेमका कुठे?

सर्फ वादकांची लाडकी गिटार म्हणजे फेंडरची १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर. तिच्यावर तीन पिकअप आहेत आणि वादक खटक्याने हवा तो निवडतो. तार एकच, तरी प्रत्येक पिकअपचा आवाज वेगळा. असे का व्हावे?

छेडलेली तार एकाच वेळी अनेक प्रकारांनी कंप पावते. संपूर्ण तारेचे कंपन म्हणजे मूळ स्वर. त्याच वेळी ती दोन, तीन, चार अशा सारख्या भागांतही हलत असते आणि त्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेच्या उपस्वरांनी आवाजाला रंग येतो. दोराचे एक टोक दाराच्या कडीला बांधून दुसरे टोक हलवले, तर मुलांना हे डोळ्यांनी दिसते. मधले स्थिर राहणारे बिंदू म्हणजे निस्पंद बिंदू.

आता हिशेब करू. स्ट्रॅटोकास्टरच्या तारेची लांबी ६४८ मिलिमीटर. मानेकडचा पिकअप घोडीपासून, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपासून, सुमारे १६२ मिलिमीटरवर आहे. हा बरोबर लांबीचा चौथा भाग. मोकळ्या तारेच्या मूळ स्वराची हालचाल तिथे तारेच्या मध्याच्या ७१ टक्के असते. चौथ्या उपस्वराचा मात्र तिथे निस्पंद बिंदू, म्हणून तो पिकअपला दिसतच नाही. घोडीजवळचा पिकअप सुमारे ४१ मिलिमीटरवर, म्हणजे लांबीच्या सोळाव्या भागावर. तिथे मूळ स्वराची हालचाल जेमतेम २० टक्के, पण चौथा उपस्वर त्याच्या कमाल हालचालीच्या ७१ टक्के. म्हणून मानेकडून गोल, भरलेला आवाज येतो आणि घोडीकडून तीक्ष्ण, चमकता. सर्फ वादकाला बहुतेक वेळा हा चमकता आवाज हवा असतो.

पुढे फेंडरने १९५८ मध्ये जॅझमास्टर आणि १९६२ मध्ये जॅग्वार काढली. नावात जॅझ असली, तरी जॅझमास्टर खरी रमली ती सर्फ वादकांच्या हातात. 'द व्हेंचर्स' या वाद्यवृंदाने मॉसराइट गिटारी लोकप्रिय केल्या. यांपैकी फेंडरच्या गिटारींवर एकेरी वेटोळ्याचे पिकअप होते. असा पिकअप तारेचा अगदी अरुंद भाग पाहतो, त्यामुळे बारीक उपस्वरही त्याच्या नजरेतून सुटत नाहीत. त्याचा तोटा म्हणजे आसपासच्या वायरिंगची ५० हर्ट्झची घरघरही तो टिपतो. १९५० च्या दशकात गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी उलट वेढ्यांची, उलट चुंबकांची दोन वेटोळी शेजारी ठेवली. बाहेरची घरघर दोन्हींत उलटसुलट येऊन मिटते, तारेचा संदेश मात्र जुळून वाढतो. पण दोन वेटोळी तारेचा रुंद भाग पाहतात, त्यामुळे काही उंच उपस्वर बोथट होतात. सर्फ वादकांनी घरघर सोसली, पण चमक सोडली नाही.

लांबी, ताण आणि वजन

तारेच्या वारंवारतेचा नियम आपण शिकवतोच. वारंवारता लांबीच्या व्यस्त प्रमाणात, ताणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात आणि दर मीटरच्या वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. वाद्ये बनवणारे या तीन गोष्टींशीच खेळतात.

जॅग्वारची तार २४ इंच, स्ट्रॅटोकास्टरची २५.५ इंच. तीच तार लावून तोच स्वर हवा असेल, तर ताणांचे गुणोत्तर लांबींच्या गुणोत्तराच्या वर्गाइतके असते. २४ भागिले २५.५ याचा वर्ग सुमारे ०.८९. म्हणजे जॅग्वारवर ताण ११ टक्के कमी. म्हणून तिच्या तारा बोटांखाली मऊ लागतात आणि जाड तारा लावणे सोपे जाते.

या गिटारींना घोडीजवळ एक दांडी असते. ती दाबली की ताण थोडा कमी होतो आणि स्वर किंचित उतरतो, सोडली की परत चढतो. सतारिया तार आडवी खेचून मींड काढतो, तेव्हाही तो ताणच बदलत असतो. लाटेवर डोलल्यासारखा सर्फचा स्वर याच दांडीतून येतो.

आता बेस गिटार. तिची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झची, गिटारच्या जाड तारेच्या निम्म्या वारंवारतेची. फक्त लांबी वाढवून हे साधायचे, तर २५.५ इंचांचे ५१ इंच करावे लागतील. एवढ्या लांब मानेवर हात कसा पोचणार? फेंडरच्या १९५१ च्या प्रिसिजन बेसची तार ३४ इंचांची आहे. म्हणजे लांबी चार-तृतीयांश झाली आणि तेवढ्याने वारंवारता पाऊणपट झाली. ती अर्धी व्हायची, तर उरलेला दोन-तृतीयांशाचा घटक वस्तुमानातून आणावा लागतो. ताण तोच ठेवला, तर तार दर मीटरला सव्वादोन पट जड हवी. नुसती जाड सळई ताठ होते आणि तिचे उपस्वर बेसूर होतात, म्हणून पोलादी गाभ्यावर दुसरी तार गुंडाळून वजन वाढवतात. आपल्या तबलजीच्या डग्ग्याला शाईने वजन येते, त्याचीच आठवण व्हावी. सर्फमध्ये प्रिसिजन बेस आणि १९६० ची जॅझ बेस या दोन्ही चालल्या. तिथे बेसचे काम लांब गुंजण्याचे नसून ठाम ठोका देण्याचे असते, त्यामुळे तळहाताच्या कडेने तारा थोड्या दाबून वाजवण्याची पद्धत होती.

पांडवलेणी मावली स्प्रिंगमध्ये

आता तो ओला आवाज. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या एखाद्या मोठ्या विहारात उभे राहून टाळी वाजवा. भिंत साधारण सहा मीटरवर असेल, तर आवाज जाऊन-येऊन १२ मीटर चालतो. सेकंदाला ३४३ मीटर या वेगाने त्याला सुमारे ०.०३५ सेकंद लागतात. वेगळा प्रतिध्वनी ऐकू यायला ०.१ सेकंदाचे अंतर लागते. म्हणून दुसरी टाळी ऐकू येत नाही, तर भिंतींवरून पुन:पुन्हा परतणाऱ्या ध्वनींचा एकजीव निनाद ऐकू येतो.

हा निनाद खोक्यात कसा भरायचा? ऑर्गन बनवणाऱ्या हॅमंड कंपनीने त्यासाठी स्प्रिंग वापरली आणि १९६१ साली फेंडरने तीच युक्ती गिटारसाठी वेगळ्या पेटीत आणली. गिटारचा विद्युतसंदेश स्प्रिंगच्या एका टोकाजवळच्या वेटोळ्याला देतात. त्याने तिथला छोटा चुंबक थरथरतो आणि स्प्रिंगमधून लहर निघते. दुसऱ्या टोकाला पुन्हा चुंबक आणि वेटोळे, तिथे फॅरडेच्या नियमाने लहरीची पुन्हा वीज होते. लहरीला गुंडाळलेल्या तारेची सगळी लांबी फिरून जावे लागते, त्यामुळे हातभर स्प्रिंगमध्येही तिला ०.०३ ते ०.०४ सेकंद लागतात. वरच्या विहारात आलेला आकडा पाहा, जवळजवळ तोच! आणि लहर टोकांवरून परत फिरत राहते, जशी विहारात टाळी फिरते. चालू पेटीला धक्का लागला, तर ढग गडगडल्यासारखा आवाज होतो, कारण सगळी स्प्रिंगच हलते.

या घटकांचा पुरेपूर उपयोग केला डिक डेल (१९३७-२०१९) यांनी. त्यांचे वडील लेबनॉन वंशाचे होते. १९६२ साली त्यांनी पूर्व भूमध्य भागातली 'मिसिर्लू' ही जुनी चाल जाड तारांवर, अतिशय जलद नखी चालवत वाजवली. तिचे स्वर मांडले तर आपल्याला ओळखीचे वाटतील: कोमल रिषभ, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम, कोमल धैवत, शुद्ध निषाद. भैरवाचाच स्वरसमूह! समुद्रकाठची गिटार आणि मिरवणुकीतला बेंजो कानाला नातेवाईक का वाटतात, हे आता समजते. पोलादी तारा, चुंबकी पिकअप, झाल्यासारखी जलद नखी आणि वर निनाद, हे सारे दोघांकडे आहे.

वर्गात पिकअप

हा प्रयोग आम्ही करून पाहिला आहे. सुमारे ६ मिलिमीटर जाडीचा लोखंडी बोल्ट घ्या. मोटार रिवायंडिंगच्या दुकानातून ४० गेजची इनॅमल चढवलेली तांब्याची तार आणा. बोल्टवर कागदाचा थर देऊन दीड सेंटिमीटर रुंदीत १५०० वेढे गुंडाळा. दोन्ही टोकांवरचे इनॅमल ब्लेडने खरवडा आणि मल्टिमीटरने रोध मोजा. तो ५०-६० ओहमच्या आसपास यावा. काहीच दाखवत नसेल, तर तार तुटली आहे किंवा इनॅमल राहिले आहे. बोल्टच्या डोक्याला मोडक्या स्पीकरमधला चुंबक चिकटवा. फळीवर पोलादी तार ताणा आणि बोल्टचे टोक तिच्याखाली २-३ मिलिमीटरवर आणा. वेटोळ्याची टोके बॅटरीवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या माइकच्या खाचेला जोडा. अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीचाच हवा, कारण पुढे येतेच.

आता तार छेडा. मग बोल्ट तारेच्या मध्यापासून टोकाकडे सरकवत आवाजातला बदल ऐका. चुंबक काढून पाहा, पितळेची तार लावून पाहा. गॅल्व्हॅनोमीटरचा काटा मागच्या बाकावरून दिसत नाही, पण हा फॅरडे सगळ्या वर्गाला ऐकू येतो.

मग झटका कसा बसला?

आता मुलाच्या प्रश्नाकडे. तारेतून संगीताची वीज वाहत नाही, ती वेटोळ्यात तयार होते. एवढ्यापुरते आमचे "नाही" बरोबर होते. पण ते अपुरे होते.

वादकाचे शरीरही अँटेनासारखे ५० हर्ट्झची घरघर गोळा करते. ती कमी व्हावी म्हणून इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारा घोडीमार्फत केबलच्या बाहेरच्या जाळीला जोडतात. ती जाळी अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला आणि सांगाडा तीन पायांच्या प्लगमधून भूसंपर्काला, म्हणजे अर्थिंगला जोडलेला असतो. तारांना हात लावताच घरघर कमी होते ती यामुळे. पिकअप बसवलेल्या बेंजोतही अशीच जोडणी करतात.

आता समजा अर्थिंगच नाही आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या आत विद्युतरोधक झिजून जिवंत तार सांगाड्याला टेकली आहे. सांगाडा जिवंत, म्हणून बेंजोच्या तारा जिवंत. एकाच हाताने वाजवणाऱ्याला, पाय कोरड्या सतरंजीवर असतील तर, काही जाणवणारही नाही. पण दुसऱ्या हाताने त्याने दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा, नीट अर्थिंग असलेला माइक धरला, की वाट पूर्ण झाली: एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात. घामट हातांनी शरीराचा रोध २००० ओहम धरला, तर २३० भागिले २०००, म्हणजे ११५ मिलिअँपियर. ३० मिलिअँपियरपासूनच जिवाला धोका मानतात. तो मुलगा फेकला गेला हे त्याचे नशीब. हात चिकटून राहिला असता, तर काय झाले असते?

आम्ही वायरमनला घेऊन मंडळाच्या खोलीत गेलो. बेंजोच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगचा जाड तिसरा पाय कापलेला निघाला. तो सॉकेटात बसत नव्हता, एवढेच कारण.

म्हणून वर्गात हे जरूर सांगावे. तिसरा पाय कधीही कापू नये. सगळे अ‍ॅम्प्लिफायर आणि माइक एकाच, तपासलेल्या अर्थिंगच्या बोर्डावरून चालवावेत. जनरेटर असेल, तर त्याची जोडणी जाणत्या वायरमननेच करावी. भाद्रपदातल्या पावसात उपकरणे झाकावीत. आणि बोर्डावर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवावा. त्याच्या आत लोखंडी कडे असते, त्यातून जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा ओवलेल्या असतात. दोन्ही धारा सारख्या असताना त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना मिटवतात. थोडी धारा माणसातून जमिनीत गेली, की तोल बिघडतो, कड्यात क्षेत्र उरते आणि त्यावरच्या वेटोळ्यात विद्युतदाब प्रवर्तित होऊन खटका पडतो.

म्हणजे बेंजोला आवाज देणारा नियम आणि वादकाचा जीव वाचवणारा नियम एकच. मंडळाच्या खोलीत आता नवा प्लग आणि आरसीसीबी आहे. तो मुलगा त्याचे चाचणी-बटण दर महिन्याला दाबून पाहतो आणि खटका का पडला, हे भावाच्या मित्रांना समजावून सांगतो.